भागाकाराचा खिळा

महादेवरावांच्या पडवीत फळा नाही. खडू नाही, छडी नाही, मास्तरांची खुर्चीही नाही. भिंतीला दाराएवढी एक लाकडी फळी ठोकलेली आहे आणि तिच्यावर बावीस खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटने एकेक नाव लिहिलेलं. सगळ्यात खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. त्यांच्या वरच्या ओळीत अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. मग समीकरणे, मग भूमिती. सगळ्यात वर, लहान मुलांचा हात पोचणार नाही तिथे, वर्गसमीकरणे. खिळ्यांवर पितळेचे गोल बिल्ले लटकतात. बिल्ल्यावर फक्त नंबर असतो. बाहेरच्या वळणावर कोळशाचा ट्रक गेला की पडवी थोडी हादरते आणि सगळे बिल्ले एकदम किणकिणतात.

कन्हानच्या या घरात दर रविवारी सकाळी आठ ते बारा गणित चालतं. चालतं म्हणजे, महादेवराव काही शिकवत नाहीत. प्रत्येक खिळ्याच्या नावाची एक कापडी पिशवी आहे. पिशवीत जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची कार्डं. पुढे गणित, मागे उत्तर. मूल येतं, आपला बिल्ला कुठल्या खिळ्यावर आहे ते पाहतं, ती पिशवी घेतं आणि सतरंजीवर बसतं. अडलं तर महादेवरावांच्या स्टुलापाशी येतं. नाही अडलं तर येत नाही. तो धडा आपल्याला आला असं ज्याचं त्याला वाटलं की तो उठतो आणि आपला बिल्ला पुढच्या खिळ्यावर लावतो. कुणी आठवड्यात लावतं, कुणी चार महिन्यांत. घाईने पुढे गेलेली मुलं तिथे आपटतात आणि मुकाट परत मागे येतात. ते मागे येणं इथे कुणाच्या नजरेत येत नाही.

नियम एकच. आपला बिल्ला आपणच हलवायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बापाने लेकराच्या नाही, भावाने बहिणीच्या नाही, आणि सरांनी तर कुणाच्याच नाही.

हा नियम शाळेतून आलेला नव्हता. महादेवराव शाळेत कधी मास्तर नव्हते. अडतीस वर्षं ते एका कोळशाच्या खाणीत बत्तीघरात होते. खाणीत उतरणारा माणूस बत्तीघराच्या खिडकीत आपला बिल्ला द्यायचा आणि टोपीवरची बत्ती घ्यायचा. वर आला की बत्ती परत द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. आत गेलेल्यांचे बिल्ले फळीवर लटकत. फळीकडे पाहिलं की जमिनीखाली किती माणसं आहेत ते कळे. पाळी बदलताना दोनदा गर्दी, आणि मधले तास रिकामे. त्या रिकाम्या तासांत महादेवराव गणित शिकले. मॅट्रिकला ते गणितातच नापास झाले होते. बत्तीघरात त्यांनी पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि दहावीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली. घाई करणारं कुणी नव्हतं. एका प्रमेयावर एक सबंध पावसाळा गेला. पण जे आलं ते मग गेलं नाही.

खाण बंद झाली तेव्हा भंगारात निघालेली फळी आणि बिल्ले त्यांनी मागून घेऊन घरी आणले.

पडवीच्या पायरीवर दर रविवारी आणखी एक माणूस बसलेला असतो. रामाजी. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा, शेजारी काठी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याला गणिताशी काही देणंघेणं नाही. तो मुलांच्या चपला मोजतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलतो.

"मास्तर, हा तुहा जोशात आलेला पोट्टा पाहा. काल दशांशात होता, आज भूमितीत गेला. रॉकेट हाय का गा हे?"

"जाऊ दे. येईल परत."

"येईन ना. जेवाच्या वक्ताले सगळेच परत येतात."

रामाजी आणि महादेवराव यांच्यामध्ये एक जुनी गोष्ट आहे. कन्हानमध्ये ती सगळ्यांना माहीत आहे आणि ते दोघे ती कधी बोलत नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वी, पाळी सुटताना, रामाजीची बत्ती मंद झाली. त्याच्या सोबत्याने ती वर आणली आणि खिडकीत दिली. रामाजी मागच्या लोकांच्या उजेडात येऊनच राहिला आहे, असं सांगितलं. मागे मोठी रांग होती. महादेवरावांनी बत्ती ठेवून घेतली आणि रामाजीचा बिल्ला फळीवरून काढला. माणूस पाहिला नाही. मागचे लोक वेगळ्या वाटेने आले. रामाजी अंधारात भिंत चाचपत चालला, घसरला, पाय कोळशाच्या ढिगाऱ्यात अडकला. फळी सांगत होती की आत कुणी नाही. म्हणून कुणी शोधलं नाही. अकरा तासांनी त्याच्या बायकोने खाणीच्या तोंडाशी येऊन विचारलं तेव्हा लोक खाली उतरले.

चौकशीत सोबत्याचं नाव आलं, महादेवरावांचं आलं नाही. त्यांनी ते स्वतः घातलं. पडवीतल्या फळीवर दुसऱ्याचा बिल्ला कुणी हलवत नाही, ते या गोष्टीमुळे.

सुभद्रा या पडवीत आली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. नवरा आजारपणात गेला आणि त्याच्या जागेवर तिला कोळसा कंपनीच्या ऑफिसात पाणी पाजायचं, फायली इकडून तिकडे न्यायचं काम मिळालं. दहावी झाली तर टेबलावर बसायला मिळणार होतं. तिने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाकीचे विषय सोडवले. गणितात दोनदा गेली. तिचा मुलगा पिंटू आठवीत होता आणि आधीपासून पडवीत येत होता. एका रविवारी त्याच्या मागोमाग तीही आली. पदर सावरत फळीपुढे उभी राहिली.

"सर, माह्यासारखीले घेता का?"

"इथं कोणी कोणाले घेत नाही. बसायचं असन तं बसा."

"या खेपेले नाई झालं तं मी पुस्तक पुन्हा हातात धरणार नाई, सर. हे आधीच सांगून ठेवते."

तिने हे धमकीसारखं म्हटलं नाही. दुकान कधी बंद होतं ते सांगावं तसं सांगितलं. महादेवरावांनी तिला सत्तावीस नंबरचा बिल्ला दिला. तो हातात घेऊन ती बराच वेळ फळी पाहत राहिली. मागे सतरंजीवरून पिंटू पाहत होता. मग तिने बिल्ला अपूर्णांकाच्या खिळ्यावर लावला.

ते ऑगस्टमध्ये. दिवाळी झाली, थंडी पडली, बाजारात संत्र्यांच्या पाट्या आल्या. सत्तावीस नंबर अपूर्णांकावरच होता. पिंटूचा बिल्ला दशांश ओलांडून समीकरणांवर गेला. सुभद्राने एकही रविवार चुकवला नाही. कोपऱ्यात बसे, वही उघडे, काही लिहिताना दिसे. स्टुलापाशी कधी येत नसे. महादेवराव तिच्याजवळून जाताना एवढंच विचारत, "झालं?" आणि ती म्हणे, "होऊन राहिलं सर."

संक्रांतीनंतरच्या रविवारी ती वही पडवीत विसरून गेली. दुपारी सतरंज्या झटकताना महादेवरावांना ती सापडली. त्यांनी उभ्यानेच चाळली. पान न् पान गणितं, आणि सगळी बरोबर. एकही खोडाखोड नाही. अपूर्णांकाची सगळी कार्डं तिने तीनतीनदा सोडवली होती. महादेवराव स्टुलावर बसले. परीक्षा मार्चमध्ये, दीड महिन्यावर. बाईला सगळं येतं आणि ती हलत नाही. भीती आहे, दुसरं काही नाही. एखाद्याच्या खांद्याला नुसता हात लावला तर तो पाण्यात उतरतो, तसं हे आहे, असं त्यांना वाटलं.

फळी समोर होती. पडवीत कुणी नव्हतं. त्यांनी सत्तावीस नंबर अपूर्णांकावरून काढला आणि समीकरणांच्या खिळ्यावर लावला.

त्यांना बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सुभद्रा आली, फळीकडे पाहिलं आणि थांबली. अपूर्णांकाच्या खिळ्यावर हात फिरवला, जणू बिल्ला तिथेच असेल आणि आपल्याला दिसत नसेल. मग तिने महादेवरावांकडे पाहिलं.

"तुमचं झालं ते," महादेवराव हसून म्हणाले. "वही पाहिली मी."

ऑफिसात साहेबाने कागद पुढे केला की तो घ्यायचा असतो. "हो सर," म्हणून तिने समीकरणांची पिशवी घेतली आणि कोपऱ्यात गेली. शेजारी पिंटू त्याच पिशवीतली कार्डं करत होता. त्याने आईसाठी जागा केली.

तीन रविवार ती समीकरणांवर बसली. चौथ्या रविवारी आली नाही. पाचव्याही.

"आईले ड्यूटी हाय," पिंटू म्हणाला, बिल्ल्यांकडे पाहत.

त्या दिवशी बारा वाजता मुलं गेल्यावर दोघे म्हातारे पायरीवर चहा पीत होते. ऊन चढायला लागलं होतं. रामाजीने विचारलं, "ती सुभद्रा दिसून नाही राहिली."

"कामात असन. पण तिचं बरं चाललं. समीकरणात आहे ती."

"कोण सांगते?"

महादेवरावांनी मानेने फळीकडे दाखवलं.

रामाजीने कप खाली ठेवला. काठीच्या टोकाने पायरीवरची धूळ इकडून तिकडे केली. सव्वीस वर्षांत तो जे बोलला नव्हता ते त्याने अगदी हळू, जवळजवळ सहज म्हटलं.

"माह्या वक्तालेही फळीनंच सांगतलं होतं, मास्तर."

एक ट्रक गेला. बिल्ले किणकिणले आणि थांबले.

"बिल्ला तिनं हलवला ना?" रामाजीने विचारलं.

महादेवरावांनीही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. मी हलवला."

"काहून गा?"

"मले वाटलं, तिले येते."

"हं," रामाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "त्या दिवशी तुले वाटलं, मी आलो." काठी टेकत तो उठला. दोन पावलं जाऊन परत वळला. "मले शोधाले लोक अकरा घंट्यांनी आले. तिले किती दिवस झाले?"

सुभद्राचं क्वार्टर कंपनीच्या वसाहतीच्या टोकाला आहे. बुधवारी तिची रजा आहे हे महादेवरावांना पिंटूने सांगितलं. दुपारी तीनच्या सुमाराला ते गेले. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसली होती. पुढे पत्र्याचा डबा, त्यात तुरीचे दाणे, आणि फरशीवर दाण्यांचे लहान लहान ढीग. शेजारी वही. त्यांना पाहून तिने ढिगांवर पदर टाकला. मग तो उचलून घेतला. लपवण्यासारखं आता काही उरलं नाही असं ते उचलणं होतं.

"बसा सर. चहा ठेवते."

"चहा नको. हे काय आहे?"

"एकशे सव्वीसचे चौदा भाग." तिने ढिगांकडे बोट केलं. "चौदा ढीग करायचे. एकेक दाणा सगळ्यांत टाकत जायचा. मंग एका ढिगात किती हाय ते मोजायचं. नऊ येते."

महादेवरावांनी वही उचलली. तीच निर्मळ पानं. "ही सगळी अशीच केली?"

"पडवीतून गणितं उतरवून आणते. एका कार्डाले दीड घंटा. कधी दोन. पिंटू घरी नसला का करते, नाही तं तो निजल्यावर." ती थोडं हसली. "मले भागाकार येत नाही सर."

खिडकीतून कोळशाची बारीक भुकटी आलेली होती, फरशीवर, डब्याच्या झाकणावर. ती बोलत राहिली. नरखेड तालुक्यातल्या तिच्या गावी, चौथीत असताना, तिला कांजिण्या आल्या होत्या. महिनाभर कडुलिंबाच्या पाल्यावर निजून होती. परत शाळेत गेली तेव्हा भागाकार होऊन गेला होता.

"बाईंना म्हटलं, मले नाही आला. बाई म्हणे, मागच्या महिन्यात घेतला, आता अपूर्णांक चालू हाय, घे करून. वर्ग पुढं गेला होता ना. मी पण गेली. पाठ करत करत गेली. तेवढं एक तिथंच राहिलं."

"मंग बिल्ला अपूर्णांकावर काहून लावला?"

तिने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना अशा नजरेने. "भागाकाराचा खिळा खाली हाय सर. तिथं ती कामिनी बसते, नऊ वर्षांची. पिंटू मागं बसून पाहत होता. त्याच्या डोळ्यासमोर मी खाली कशी वाकू? दाण्यांनं का होईना, अपूर्णांक होत होते. वाटे, करता करता तोही येऊन जाईन." मग ती थांबली. "समीकरणात नाही होत. त्या 'क्ष'ले किती ढिगात वाटू?"

महादेवराव फरशीवर बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले.

"बिल्ला मी हलवला ते चुकलं माझं," ते म्हणाले. "मले तशी परवानगी नव्हती."

"तुम्ही पुढं नेला. मी तं आधीच खोटा लावला होता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी पिंटूले म्हटलं होतं, रविवारी माहा बिल्ला काढून घरी घेऊन ये, संपलं. तो म्हणे, आई, दुसऱ्याच्या बिल्ल्याले हात लावत नसते."

महादेवरावांनी मान खाली घातली. फरशीवरच्या चौदा ढिगांपैकी एकात दहा दाणे होते आणि एकात आठ. ते त्यांना दिसलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

काही वेळाने सुभद्रालाच ते दिसलं. तिने एक दाणा उचलून दुसऱ्या ढिगात टाकला.

"मी परत मागे नेऊन ठेवू शकत नाही," महादेवराव उठताना म्हणाले. "पुन्हा हात लावणं होईल ते. तुमचा बिल्ला आहे. घरी आणायचा असन तं तुम्हीच येऊन काढा. लावायचा असन तं तुम्हीच लावा. मी काही म्हणणार नाही."

त्यानंतरचे तीन दिवस ते कसे राहिले ते त्यांच्या घरच्यांना विचारावं लागेल. शनिवारी संध्याकाळी त्यांनी फळी ओल्या फडक्याने पुसली. सत्तावीस नंबरच्या भोवतालची जागा तेवढी कोरडी राहिली.

रविवारी साडेआठला सुभद्रा आली. पडवी भरलेली होती. रामाजी पायरीवर होता. त्याने आपला वाकडा पाय हाताने बाजूला घेतला आणि तिला वाट दिली.

ती सरळ फळीपाशी गेली. समीकरणांच्या खिळ्यावरून बिल्ला काढला आणि मुठीत धरून उभी राहिली. मुलं पाहू लागली. महादेवराव स्टुलावर होते. त्यांनी हातातलं कार्ड पाहायला घेतलं. ते उलटं होतं. दार दोन पावलांवर होतं. ती एवढा वेळ उभी राहिली की एका मुलाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

मग तिने साडी सावरली आणि खाली बसली. उकिडवी, चुलीपुढे बसतात तशी. भागाकाराच्या खिळ्यावर पाच बिल्ले होते. त्यांच्यावर तिने आपला लावला.

पिंटू पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. तो खाली पाहू लागला, वहीत काहीतरी गिरवू लागला.

कामिनीने सतरंजीवर सरकून जागा केली. "काकू, इथं बसा. तुम्हाले सातचा पाढा येते का?"

"येते."

"मंग अर्धं तं तुम्हाले येऊनच राहिलं," कामिनी म्हणाली, आणि आपल्या पिशवीतलं पहिलं कार्ड तिने तिच्यापुढे ठेवलं.

पायरीवरून रामाजीचा आवाज आला. "हे पोट्टी तुह्यापेक्षा बरी शिकवते, मास्तर."

बारा वाजता मुलं उठली तेव्हा पिंटू मागे राहिला. पडवी रिकामी व्हायची वाट पाहून तो फळीपाशी गेला आणि आपला बिल्ला समीकरणांवरून काढून शेकडेवारीवर लावला. तो तिथून कधी न शिकताच पुढे गेला होता का, की आणखी काही होतं, ते महादेवरावांनी विचारलं नाही. मायलेक चपला घालून निघून गेले. वसाहतीच्या रस्त्यावर ते काही बोलत होते की नाही, ते इथून कळलं नाही.

मार्चमध्ये सुभद्राने गणिताचा पेपर दिला नाही. महादेवरावांना तिने आधी येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "यंदा नाही देत सर. जुलैचं पाहू. नाही तं पुढच्या मार्चात. मी ठरवीन." ऑफिसातल्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं. ती अजून पाणी पाजते.

पुस्तक मात्र तिने हातातून खाली ठेवलेलं नाही.

महादेवरावांच्या रविवारात एक बदल झाला आहे. पूर्वी ते सकाळी उठून आधी फळी पाहत. आता ते तिच्याकडे पाठ करून सतरंजीच्या एका टोकापासून सुरुवात करतात आणि एकेका मुलाजवळ वाकून हळूच विचारतात, "कुठं आहेस?" काही मुलं धड्याचं नाव सांगतात. काही नुसती कार्ड दाखवतात. काही मान हलवतात, आणि मग ते तिथे थांबतात.

मे महिन्यातल्या एका रविवारी कूलरच्या घरघराटात ते सुभद्राजवळ पोचले. ती तीन अंकी भागाकार करत होती. दाण्यांचा डबा नव्हता. एका बाजूला खोडाखोड, दुसऱ्या बाजूला पुन्हा खोडाखोड. वही पहिल्यांदाच घाणेरडी झाली होती.

"कुठं आहात?" त्यांनी विचारलं.

तिने मान वर केली नाही. पेन्सिल चालूच होती.

"आतच आहे सर," ती म्हणाली. "बत्ती आहे. तुम्ही जा."